पाहुण्यांसाठीची शेगडी

सकाळचे आठ वाजले होते आणि गेना मिरच्या सोलत बसली होती. सप्टेंबर लागला की त्रोयान शहरात दुसरं काही सुचत नाही. एकेका बाल्कनीतून भाजक्या मिरच्यांचा वास येतो, आणि ज्या बाल्कनीतून येत नाही तिथली बाई आजारी आहे की काय, असं खालच्या मजल्यावर बोललं जातं. गेनाने पहाटेच दोन पिशव्या भाजून पातेल्यात झाकून ठेवल्या होत्या. वाफेने साल सुटली की देठ धरायचा आणि ओढायचं. बोटं लाल-काळी झालेली, समोर कॉफी गार झालेली.

टेबलाच्या अरुंद कडेला ती अंग चोरून बसली होती, कारण रुंद बाजू शेगडीने अडवली होती. पांढरी, चार तव्यांची, खाली ओव्हन असलेली विजेची शेगडी. या दोन खोल्यांत तिला कुठे जागाच नव्हती. स्वयंपाकघराच्या दारातून ती आत जाईना, म्हणून बैठकीच्या खोलीत उभी होती. अंगावर क्रोशाचं कापड, कापडावर फुलदाणी. गावचं घर विकून गेना इथे आली त्याला आज तीन आठवडे होत होते.

दारावर थाप पडली. घंटा असताना थाप मारणारं माणूस चिडलेलं असतं, हे गेनाला ठाऊक होतं.

"कोण आहे?"

"मी यानिता, गेनामावशी. तुमच्या घरातून आले. म्हणजे आता माझ्या."

गेनाने उठून आधी काय केलं असेल, तर शेगडीवरचं कापड खाली ओढलं. पुढची बटणं झाकली जावीत म्हणून. साठी उलटलेली बाई, पण त्या घटकेला तिला एवढंच सुचलं. मग तिने दार उघडलं.

यानिता तिशीची, अंगाने भरलेली, मनगटापर्यंत पिठाचे डाग. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. तिने चपला काढल्या, आत आली, मिरच्यांच्या शेजारी ते फडकं सोडलं. आत एक मोठा गोल पाव होता. डावी बाजू कोळसा, उजवी बाजू पांढरी, दाबली तर बोट रुतेल अशी.

"हा शनिवारचा," यानिता म्हणाली. "पेट्कोवांच्या नातवाचा पहिल्या पावलाचा पाव. सगळी गल्ली अंगणात जमलेली. पाव घरंगळत सोडायचा आणि नुकतं चालायला लागलेल्या पोराने त्यामागे धावायचं, पोरगं बिचारं तयार, आणि मी हे घेऊन गेले. आजी मला म्हणते, 'यानिता, पाव बसलाय की पडलाय?' सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले."

"मधेच फिरवायचा असतो," गेनाच्या तोंडून निघून गेलं. "अर्धा तास झाला की. उजवीकडची तार मेलीय त्या जुनीची."

आपण काय बोललो, हे गेनाला आपल्याच आवाजातून कळलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," यानिता हळूच म्हणाली.

आता मागचं थोडं सांगायला हवं. गावात घराला दोन स्वयंपाकघरं असतात. एक अंगणातलं, काळवंडलेलं, जिथे माणसं एप्रिलपासून पहिल्या थंडीपर्यंत रांधतात, जेवतात, भांडतात. दुसरं घरातलं, टाइल्स लावलेलं, पाहुण्यांसाठी. पाहुणे येतात आणि अंगणातच बसतात, ही गोष्ट वेगळी. गेनाची पांढरी शेगडी त्या आतल्या स्वयंपाकघरातली. तिची मुलगी रोसित्सा स्पेनमध्ये एका हॉटेलच्या धुलाईखान्यात लागली आणि पहिल्या वर्षी जे साठलं त्यातून तिने आईसाठी ती घेतली. "आई, आता त्या डबड्यापुढे वाकत बसू नकोस," असं फोनवर म्हणाली. डबडं म्हणजे अंगणातली जुनी, विजेचीच शेगडी.

पहिल्या दिवशी ती इतकी पांढरी होती की गेनाला हात लावायला धीर झाला नाही. मग नवरा आजारी पडला, मग गेला, मग कुणासाठी पेटवायची असा प्रश्न. तोवर न पेटवण्याचीच सवय झाली. दर रविवारी रोसित्साचा फोन यायचा.

"आई, आज काय भाजलंस?"

"चीजची बनित्सा."

"नवीन शेगडीत ना?"

"मग कशात?"

नऊ वर्षं हेच. ऑगस्टमध्ये रोसित्सा पंधरा दिवस यायची, पण ऑगस्टमध्ये घरात ओव्हन कोण लावतो? तरी ती यायच्या आदल्या दिवशी गेना शेगडीवर मुद्दाम तेलाचे चार थेंब टाकून अर्धवट पुसायची. वापरातली दिसावी म्हणून. हे तिने नवऱ्याच्या फोटोलाही सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये यानिता घर बघायला आली. भिंती ठोकल्या नाहीत, छप्पर बघितलं नाही; सरळ पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात गेली, शेगडीवर तळहात ठेवला आणि विचारलं, "ही राहणार ना? मी घरी पाव करून विकते, मावशी." गेना म्हणाली, "राहणार, राहणार." दोघींनी हात मिळवले. तीन महिन्यांनी दीर गाडी घेऊन आला तेव्हा गेना त्याला म्हणाली, "मिन्चो, ती पण चढव."

"वहिनी, ती तर देणार होतीस ना?"

"अंगणातली आहे की तिच्यासाठी. चढव म्हटलं ना."

मिन्चोने खांदे उडवले आणि चढवली. जुनी शेगडी गेनाने स्वतः घासली, ओढत आत नेली आणि रिकाम्या जागेत उभी केली. किल्ली देताना ती यानिताच्या डोळ्यांकडे न बघता अंजिराच्या झाडाला पाणी किती घालायचं ते सांगत राहिली.

"शेगडी राहील असं ठरलं होतं," आता गेना म्हणाली. "राहिली की." बोलताना तिलाच ते ऐकवेना.

"मी हात ठेवला होता, मावशी. हाताखाली कुठली होती?"

गेना मिरची सोलू लागली. सोललेलीच मिरची पुन्हा सोलत होती.

"बरं," यानिता म्हणाली. तिने खिशातून फोन काढला. "रोसित्साताईंचा नंबर आहे माझ्याकडे. घराची जाहिरात त्यांनीच टाकली होती. फोटोत पांढरी शेगडी आहे, कापडाशिवाय. त्यांनाच विचारते की आईने काय केलं."

"थांब," गेना म्हणाली, पण नुसतं थांब म्हणून माणूस थांबत नाही. यानिता शेगडीपाशी गेली, कापडाखाली काय आहे ते तिला आल्याआल्याच कळलं असणार. तिने फुलदाणी उचलून नीट खिडकीत ठेवली, कापड दुमडलं आणि ओव्हनचं दार उघडलं.

आत दोन्ही ट्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते. त्यांच्यावर माहितीचं पुस्तक, त्याचीही पिशवी न फाडलेली. ओव्हनला पावाचा नाही, दुकानाचा वास येत होता.

यानिता वाकलेली तशीच राहिली. भांडायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरतो तेव्हा त्या जागी जे येतं, ते गेनाला रागाहून जड गेलं.

"एकदाही नाही?"

गेनाने मान खाली घातली.

"इथे तरी लावायची होतीत."

"वायरमन म्हणाला, इथल्या तारा बारीक आहेत. सोसणार नाही."

"मग नेलीत कशाला? मला शिक्षा म्हणून?"

"तुला कसली शिक्षा, पोरी." गेनाने हात फडक्याला पुसले, पण लाल रंग काही जाईना. "तू पहिल्याच दिवशी पेटवली असतीस. दुपारपर्यंत घरभर पावाचा वास सुटला असता. गल्लीतल्या बायका म्हणाल्या असत्या, बघा, गेनाच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा काहीतरी शिजतंय. आणि मग मी नऊ वर्षं काय करत होते? माझी पोर तिथे दुसऱ्यांच्या चादरी धूत होती, आणि मी तिने घेतलेल्या शेगडीवर फुलदाणी ठेवून तिला रविवारी बनित्साच्या गोष्टी सांगत होते. हे असं दिसू नये, म्हणून नेली. चोरी झाकायला दुसरी चोरी केली."

यानिता खुर्चीवर बसली. तिने पातेल्यातली एक मिरची घेतली आणि सवयीने सोलायला लागली. "माझी सासू टीव्हीच्या रिमोटची पिशवी काढत नाही," ती म्हणाली. "बटणं दिसत नाहीत, तरी काढत नाही."

गेनाला हसू आलं नाही, पण श्वास सुटला.

"मिन्चोला आज दुपारीच बोलावते," ती म्हणाली. "ही तुझ्याकडे जाईल. तोच जोडून देईल, आणि ते डबडं अंगणात परत नेऊन ठेवील. गल्लीत कुणी विचारलं तर सांग, गेनाने नेली होती, परत दिली. खोटं काही सांगू नकोस, मला सोपं जावं म्हणून तर अजिबात नको."

"आणि रोसित्साताई?" यानिताने विचारलं. फोन अजून टेबलावर, मिरच्यांच्या सालींत पडला होता. "मी काहीच बोलले नाही तरी चालेल. शेगडी मिळाली, माझं काम झालं."

"नाही. तिला कळायलाच हवं. शेगडीचंही आणि नऊ वर्षांचंही." गेनाने फोन उचलला, सालं झटकली, पुसला आणि तिच्या हातात दिला. "फक्त तू फोन करू नकोस. रविवारी तिचा येतो. रविवारपर्यंत थांब, मी सांगते."