व्हाइसरॉयांना कलम विचारणारे मामा

अख्ख्या हिंदुस्थानात व्हाइसरॉयसाहेबांकडे लेखी जाब मागणारा भटजी एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. यातला पहिला भाग मी पडताळून पाहिलेला नाही. हिंदुस्थान मोठा आहे आणि भटजीही पुष्कळ आहेत. पण नाशकापुरतं मी खात्रीने सांगतो, कारण नाशकात असा दुसरा कोणी असता तर मामांचं आणि त्याचं भांडण झालं असतं आणि ते माझ्या कानावर आल्याशिवाय राहिलं नसतं. मामा पंचवटीत रामकुंडाच्या वरच्या गल्लीत राहत. अंगाने इतके किरकोळ की सोवळं नेसल्यावर माणसापेक्षा सोवळंच जास्त दिसावं, आणि आवाज असा की ते ओट्यावर कुजबुजले तरी कुंडावरच्या यात्रेकरूंनी वळून पाहावं. मी नदीच्या अलीकडे राहणारा, नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारा कारकून. या नोकरीमुळे मामांना माझ्याबद्दल फार आदर होता. "तुम्ही लिहीत नाही तोवर कोणी मेला असं म्हणता येत नाही, जावईबापू," असं ते चारचौघांत कौतुकाने सांगत.

मामा क्षेत्रोपाध्याय होते, आणि त्या धंद्याची रीत कळल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. रामकुंडावर श्राद्धाला, अस्थी सोडायला गावोगावचे लोक येतात. त्यांनी कोणत्या उपाध्यायाच्या घरी उतरायचं हे त्यांच्या मर्जीवर नसतं आणि उपाध्यायाच्याही नसतं. ज्याच्या नामावळीच्या वहीत आज्या-पणज्याची सही किंवा अंगठा असेल, त्याचा तो यजमान. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. म्हणून उपाध्यायाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाव कोणतं, आडनाव काय? मामा हा प्रश्न पोस्टमनला विचारत, विड्याच्या दुकानदाराला विचारत. एकदा दाढ काढणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी तो, तोंडात चिमटा असताना, विचारला आणि डॉक्टरला चारदा पुन्हा ऐकून घ्यावा लागला. या रीतीने मामांच्या डोक्यात जगाची अशी वाटणी झाली होती की प्रत्येक गोष्ट कोणाची तरी असे, आणि ज्याची नाही त्याने तिला बोट लावायचं नसे. स्वयंपाकघर मामींचं होतं. एकदा मामी विहिरीवर गेल्या असताना चुलीवरचं दूध वर येऊ लागलं. मामा उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहून ते वर येताना पाहत होते. "दूध उतू जातंय, अधिकारी कुठे आहेत?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मामी आल्या तोवर चूल विझली होती. "अधिकारी पाण्याला गेले होते," मामी म्हणाल्या, "आता आपण कोऱ्या चहाचे अधिकारी व्हा." मामांनी आठ दिवस मुकाट्याने कोरा चहा घेतला.

राजकारणात मामा कोणत्या बाजूचे, हे नाशकात कोणालाच सांगता येत नसे. मला तर नाहीच. एका साली एक फार मोठे राष्ट्रीय पुढारी नाशकात आले होते. नदीकाठच्या सभेत अध्यक्षांनी त्यांना अर्धा तास दिला, तसं जाहीरही केलं. पुढाऱ्यांनी एक तास दहा मिनिटं भाषण केलं. माझ्याकडे घड्याळ होतं. लोक डोलत होते, मीही डोलत होतो. टाळ्या संपल्यावर मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चाळीस मिनिटं आपण कोणाच्या परवानगीने बोललात?" पुढारी हसले, म्हणाले, "जनतेच्या." मामा म्हणाले, "जनतेला विचारल्याचं मी ऐकलं नाही. मी पहिल्यापासून इथे बसलोय." स्वयंसेवकांनी त्यांना खाली बसवलं. तेव्हापासून पंचवटीतले खादीवाले त्यांना सरकारचा माणूस समजू लागले. याच मामांनी पुढच्या महिन्यात, घाट झाडून घेण्याचा हुकूम कोणत्या कायद्यातला, हे मामलेदारांना विचारलं, म्हणून मामलेदार कचेरीत त्यांना खादीवाल्यांचा माणूस समजत. मी एकदा सरळच विचारलं, "मामा, तुम्ही नक्की कोणाकडून?" ते म्हणाले, "ज्याची वही बरोबर असेल त्याच्याकडून." पण वही बरोबर असलेला कोणी त्यांना भेटल्याचं मला आठवत नाही.

एकोणचाळीस सालच्या सप्टेंबरात विलायतेत लढाई सुरू झाली आणि व्हाइसरॉयांनी हिंदुस्थानही लढाईत आहे असं जाहीर करून टाकलं. निवडून आलेली मंत्रिमंडळं होती, कायदेमंडळं होती. त्यांतल्या कोणाला विचारलं नाही. वर्तमानपत्र मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी ती बातमी तीनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हणजे यजमानाच्या वतीने संकल्प सोडला, आणि यजमान पाटावरच नव्हता?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यामागे लकडा लावला की ज्या कायद्याने हा साहेब दिल्लीत बसलाय तो कायदा आणा. वाचनालयातून मी इंग्रजी प्रत आणली. तीनशेच्या वर कलमं. पंधरा रविवारांत एक कलमदेखील आम्हाला पुरतं कळलं नसतं, म्हणून मी माझ्या शेजारच्या वकिलांना विचारून आलो. ते म्हणाले, लढाई आणि परराष्ट्र या गोष्टी साहेबाच्या मुठीत आहेत, त्याला तो अधिकार आहे, मामांना सांगा गप्प बसा. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, "अधिकार असेल हो. संकल्प सोडण्याचा अधिकारही माझाच आहे, यजमानाचा नाही. म्हणून काय त्याला न विचारता सोडू? सोडला तर ती हद्द ओलांडणं झालं." मी वकिलांकडे परत गेलो. वकील म्हणाले, "हा मुद्दा कायद्याचा नाही." मी ते मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मग कायदा कशाचा आहे?" यानंतर मी वकिलांकडे गेलो नाही.

मामांनी बाळबोध अक्षरात पत्र लिहिलं: आपण हिंदुस्थानच्या वतीने लढाईचा संकल्प सोडलात, त्या वेळी यजमानाला विचारलं नव्हतं, तरी हे कोणत्या कलमाने केलं ते पंधरा दिवसांत कळवावं. मी म्हटलं, साहेबाला मराठी येत नाही. ते म्हणाले, त्याच्याकडे माणसं आहेत. साक्षीदार म्हणून सही करा म्हणाले, तेव्हा मी नोकरीचं कारण सांगून नाही म्हटलं. मामा रागावले नाहीत. "बरोबर आहे, ती तुमची हद्द," म्हणाले. पत्र मात्र मीच रजिस्टरने टाकलं आणि पावती जपून ठेवली. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मुंबईच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मामांना वाटलं, आपल्या पत्राची चर्चा झाली असावी. तसं नसावं असं मला वाटत होतं, पण पुरावा कोणत्याच बाजूने नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी मामांकडे बसलो असताना एक फौजदार आणि त्यांच्यामागे एक शिपाई असे ओट्यावर आले. फौजदार नव्याने बदलून आलेले, चाळिशीचे, चेहऱ्याने शेतकरी. त्यांच्या हातात मामांचं पत्र होतं.

"हे तुमचंच ना, भटजीबुवा?"

"माझंच. उत्तर आणलंत?"

"मी उत्तर नाय आणत. मी विचारायला आलोय."

"विचारायचं मी आधी विचारलंय. बसा. गाव कोणतं, आडनाव काय?"

फौजदार इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारत आले असावेत. पण रामकुंडाच्या गल्लीत तो ऐकल्यावर त्यांनी टोपी काढली आणि चांदवड तालुक्यातलं आपलं गाव, आडनाव सांगून टाकलं. मामांनी डोळे मिटले.

"वडील आहेत?"

"गेले. चैत्रात."

"तीर्थश्राद्ध झालं?"

"ऱ्हायलंय. बदली झाली, सवडच नाय मिळाली." मग ते जरा पुढे सरकून म्हणाले, "असं करू, बुवा. वडिलांचं तुम्हीच करा. मी या कागदावर लिहितो, चौकशी केली, काही आढळलं नाय. तुमचंबी काम झालं, माझंबी झालं."

आतल्या दारातून मामी म्हणाल्या, "उद्याचा दिवस चांगला आहे."

मामांनी डोळे उघडले. "तुमचं गाव समोरच्या ओट्यावरच्या उपाध्यांचं. मी त्यांच्याशी अकरा वर्षं बोलत नाही. मनुष्य लबाड आहे. पण तुमच्या आजोबांची सही त्यांच्या वहीत आहे."

"अहो, पण मीच म्हणतोय ना, तुम्ही करा."

"तुम्ही म्हणून काय होतं? त्यांना न विचारता मी तुमचा संकल्प सोडला, तर मग दिल्लीच्या साहेबाला कोणत्या तोंडाने विचारू?"

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी शिपायाकडे पाहिलं, शिपायाने मामींकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघता?" मामी म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं बघतेय." मला राहवेना. मी म्हटलं, मामा, इथे तर यजमान स्वतः समोर बसून सांगतो आहे, मग त्याला विचारलं नाही असं कसं? मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही नोंदी ठेवा, जावईबापू." मी आजही त्या मुद्द्यावर अडलेलो आहे.

फौजदार उठले. आता त्यांचा आवाज सरकारी झाला होता, पण पुरता नाही. "मग वह्या न्याव्या लागतील. घरातलं लिखाण तपासा असं वरून आलंय."

"कोणत्या कलमाने?"

"मला नाय माहीत."

"मग कळेपर्यंत थांबा."

"थांबता येत नाय, बुवा."

मामांनी आणखी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. ते आत गेले आणि एकेक वही आणून तांबड्या फडक्यात स्वतः बांधू लागले. सहा पिढ्यांच्या वह्या होत्या. कोणाचा मुलगा कोण, कोण कोणत्या साली येऊन गेलं, कोणाचा वंश कुठे थांबला, सगळं त्यांत. त्या गेल्या तर मामा कोणाचेच उपाध्ये राहत नव्हते. मी यादी केली, त्रेचाळीस भरल्या, यादीवर फौजदारांची सही घेतली. टांगा गेला. जाताना फौजदार समोरच्या ओट्याशी थांबले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध तिथेच यथासांग झालं.

मग पंचवटीत असा गोंधळ सुरू झाला की सांगता सोय नाही. मामांचे यजमान येत. मामा त्यांना चेहऱ्याने ओळखत, त्यांच्या बापाच्या गुडघेदुखीची चौकशी करत आणि म्हणत, "वही नाही. वहीशिवाय मी तुम्हाला माझे म्हणू शकत नाही. दुसरीकडे जा." मंडळी समोरच्या ओट्यावर जात. तो लबाड मनुष्य म्हणे, "तुम्ही त्यांचे. मी हात लावणार नाही." मंडळी परत येत. दिंडोरीकडचं एक कुटुंब, म्हातारी धरून सात माणसं, पिंडाचं सामान घेऊन दोन ओट्यांच्या मध्ये सव्वा तास उन्हात उभं होतं. शेवटी म्हातारी म्हणाली, "आम्ही कुणाचेच नाय का मग?" मामा घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर ते ओट्यावर बसेनासे झाले. आतल्या खोलीत, जिथे वह्या असत त्या फडताळासमोर बसत. मामी मला म्हणाल्या, "यांचा आवाज ऐकून किती दिवस झाले ते मोजा. तुम्हाला मोजता येतं."

नऊ दिवस झाले होते. मी ठाण्यावर गेलो. वह्या मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि भिंतीला वाळवी होती. अजून त्या गठ्ठ्यांपर्यंत पोचली नव्हती. मधे वीतभर अंतर होतं. फौजदारांनी मला बसवून घेतलं. "मलाबी बरं नाय वाटत, साहेब. पण कागद कशावर बंद करू? तुम्ही नगरपालिकेतले, नात्यातले. दोन ओळी लिहून द्या, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाय म्हणून. वह्या आजच्या आज पाठवतो."

आयुष्यात मी खोटी नोंद केलेली नव्हती. मयताचं वय नातेवाइकांनी साठ सांगितलं आणि मला सत्तर वाटलं तर मी दाखला मागत असे. मामांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही याचा प्रामाणिकपणे विचार करून पाहिला, तर तेही धड ठरेना. मग पुन्हा मागच्या खोलीत जाऊन ते वीतभर अंतर पाहून आलो आणि लिहिलं: सदर गृहस्थ वार्धक्याने भ्रमिष्ट झालेले असून त्यांच्या लिहिण्यास महत्त्व देऊ नये. खाली सही केली. मामांना मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत टांगा आला. मामा ओट्यावर आले, एकेक गठ्ठा कपाळाला लावून आत नेऊ लागले आणि चौथ्या गठ्ठ्याला त्यांचा आवाज परत आला. "बघितलंत, जावईबापू? दिल्लीत कोणीतरी वाचलं. कलम सापडलं नसेल. नाही सापडलं की सरकारलाही मागे यावं लागतं." मी यादी घेऊन खुणा करत होतो. त्या दिवशी मला जेवूनच जायला लावलं. मामींनी माझ्या भातावर तूप वाढलं, मी नको म्हणायच्या आत पुन्हा वाढलं, आणि माझ्याकडे न पाहता आत गेल्या. त्यांना कोणी सांगितलं होतं, की त्यांनी ओळखलं होतं, हे मला कळलं नाही.

मामा त्यानंतर चार वर्षं होते. दिल्लीचं उत्तर आलं नाही, पण आता त्यांना ते नकोच होतं. यजमान जेवून सुपारी कातरत बसले की ते ही हकीकत सुरू करत, आणि मी तिथे असलो तर मला साक्षीला घेत. "हे सरकारी नोंदी ठेवणारे आहेत, खोटं बोलायचे नाहीत. सांगा हो जावईबापू, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस परत आल्या की नाही?" सगळे माझ्याकडे पाहत. "आल्या," मी म्हणत असे. आकडा बरोबर होता.