पाकळ्यांचा नुसता देखावा

अमेरिकेत आयोवातल्या शाळेत तीस वर्षं मुलांसाठी रांधून निवृत्त झालेल्या आर्डिथनं अंगणात भर उन्हात जांभळं कोनफ्लॉवर हे माळरानाचं फुलझाड लावलं. फुलं भरगच्च आली, पण मधमाशी एकही फिरकेना. निरखून पाहिलं, तर ज्यात मध असतो त्या मधल्या गोंड्याच्या जागीही पाकळ्याच! रोप उपटून ती तडक ते घेतलं होतं त्या दुकानात गेली.

"माळरानाचं अस्सल फूल म्हणून हे माझ्या गळ्यात मारलंस?"

"काकू, दुप्पट पाकळ्या आहेत की!" दुकानदार हसला.

"आणि मध कुठाय? अशी सजवलेली रिकामी ताटं मी पोरांपुढे ठेवली असती, तर गावानं मला हाकललं असतं!"

रोप तिथंच आपटून ती निघाली. पानगळीत रेल्वेच्या रुळांकडेला उगवणाऱ्या रानफुलांचं बी आणून तिनं पेरलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मधमाश्या दिवसभर घोंघावल्या. दुकानदारावरचा राग मात्र तसूभरही उतरला नाही.