आईच्या लुगड्याचा तुकडा

दवनीवाड्यात आमच्या घरांच्या ओळीतल्या बायका धान कापून झालं की गोधड्या शिवायला बसत. कोणाच्या घरी बाळ होणार असेल, तर त्याची गोधडी आधी. तिच्यासाठी प्रत्येकीने आपल्या माहेरच्या माणसाचं वापरलेलं कापड द्यायचं. नवं चालत नसे, आणि आणलेलं धुवायचं नाही. धुतलं की माया जाते म्हणत.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मला कोणी बसूच दिलं नाही. सुया ओवून दे, पाणी आण, एवढंच. दुसऱ्या वर्षी मोठ्या जाऊबाईंचे दिवस भरत आले आणि सासूबाई म्हणाल्या, "आता तू बी बस. माहेरचं कापड आन." मी इतकी हरखले की पुढचं काही सुचलं नाही.

नुकतीच मी चिचगडहून, माहेराहून आले होते. तिथे भावाच्या पोराला देवी आल्या होत्या. आईने त्याला लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरलं आणि पोर वाचलं. तेच लुगडं मी निघताना मागून आणलं होतं, आईचा वास येतो म्हणून. सासरी मात्र देवीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर उंबऱ्यातूनच परत धाडली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्यातला अर्धा तुकडा मी दिला. एक पिवळट डाग होता, तो खालच्या अंगाला केला. पोर बरं झालंय, आता कसली भीती, असं मनाला समजावलं.

आठ जणी चारी बाजूंनी बसलो. एकटीला महिना लागेल ते काम चार दिवसांत उरकत होतं, आणि कामापेक्षा हसणंच जास्त. माझे लांब टाके बघून शेजारीण म्हणाली, "टाके घालून राहिली का रोवणा करून राहिली?" धानाची रोपं लावावीत तसे ते दूर दूर पडले होते; मीही हसले. त्या घरात मी पहिल्यांदा मोकळी हसले असेन.

तिसऱ्या दिवशी तुकडा काढून घ्यावासा वाटला. पण त्यातून आठही जणींचा दोरा गेला होता. एक तुकडा काढायचा तर सगळी गोधडी उसवावी लागली असती.

"काऊन अशी घामेजून राहिली?" सासूबाईंनी विचारलं. चोराच्या मनात चांदणं. मी मान खाली घालून टाके घालत राहिले.

जाऊबाईंना मुलगी झाली. पाचवीला तिला गोधडीत गुंडाळली. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, मग अंगभर फोड. दाराला कडुलिंब लागला, घरात फोडणी बंद झाली. मला लहानपणी देवी टोचलेल्या, म्हणून पोरीजवळ मी बसले. अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं, असं ओळ म्हणू लागली. ते ऐकताना मला मरून जावंसं वाटे.

पोर जगली. डोळे दोन्ही गेले.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात जाऊबाई ती गोधडी घडी करून घेऊन आल्या. पोर कडेवर होती, माझ्या आवाजाकडे तोंड करून.

"आठ जणींची माया व्हती म्हून माही पोरगी जगली," त्या म्हणाल्या. "तुह्या लेकराले बी हेच घाल."

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी पदर पसरला आणि गोधडी घेतली.