पाहुण्यांची खुर्ची

बोरी अरबच्या बाजारात गादीवाल्या अमिनाबीचं दुकान विचारलं, की लोक हातानं दाखवत आणि वर बजावत, जपून बोला, बाई तोंडाची तिखट आहे. माहिती अपुरी होती. अमिनाबी हाताचीही तिखट होती आणि गादी शिवायचं दाभण सदा हातातच असे. नवरा मुजफ्फर गेल्यावर कापूस पिंजायची मशीन तिनं चालवली, गाद्याही तिनंच शिवल्या. या बाईला रागावायला कारण लागत नाही, असं बाजारात म्हणत. साफ खोटं. कारणं तिला रोज मिळत होती.

दोन हजार सहाच्या सुमाराला गाद्यांचं काम बसलं. कापसाला भाव नाही म्हणून लग्नं लांबली आणि लग्नं नाहीत म्हणून आंदणाच्या गाद्या नाहीत. दुकानामागची शेड रिकामी पडली, तशी वस्तीतली आणि बंजारा तांड्यावरची पोरं आत शिरली. अमिनाबीनं आधी शिव्या दिल्या, मग उरल्यासुरल्या रुईच्या दाढ्यामिशा करून दिल्या. फाटक्या खोळींचे फेटे झाले, झगे झाले. रोज संध्याकाळी शेडमध्ये सोंगं निघू लागली. शाळेत ज्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं, ती पोरं इथं राजा आणि ठाणेदार व्हायची.

"मुडद्या, राजा असा नाकात बोट घालते काय?" अमिनाबी गरजायची. "जाय, पुन्हा ये!"

आणि पोरगं खिदळत पुन्हा यायचं.

या सगळ्यांत गंगी वेगळी. तांड्यावरच्या लालीबाईची ही मोठी लेक. आदल्या वर्षी बापानं फवारणीचं औषध घेतलं, तेव्हापासून पोरगी मुकी झाल्यासारखी होती. शेडमध्ये यायची आणि कोपऱ्यात रुईच्या ढिगाशी बसायची. अमिनाबीनं तिला एकदाही ये म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. मग एका संध्याकाळी गंगी आपणहून उठली, रुईची मिशी चिकटवली आणि कापूस खरेदी केंद्रावरचा ग्रेडर होऊन आली. गाडीत हात खुपसला, चिमूटभर कापूस ओढला, उन्हाकडे धरला, नाक मुरडलं आणि फेकून दिला. एक शब्द बोलली नाही. पोरं लोळून हसली. अमिनाबीच्या हातून दाभण पडलं. त्यानंतर कंडक्टर झाला, मास्तर झाला, स्वतः अमिनाबीही झाली. गंगी कुणाचीही नक्कल करायची. फक्त बापाची तिनं कधी केली नाही आणि कुणी सांगितलीही नाही.

अशात पुण्याच्या एका संस्थेची नजर या शेडवर पडली. गरीब मुलांना कला शिकवायची त्यांची योजना होती. शेडवर पाटी लागली, रंगांची पेटी आली, ढोलकी आली. देखरेखीला राजदीप नावाचा यवतमाळचा तरुण होता. भला पोरगा, पण वरून आलेला शब्द खाली पोचवायची त्याला सवय होती.

कार्यक्रम ठरला दारव्ह्याला, मोठ्या साहेबांसमोर. पुण्याहून मॅडम आल्या. त्यांनी पोरांची सोंगं पाहिली, छान छान म्हणाल्या आणि राजदीपला बाजूला घेऊन गंगीची चौकशी केली. मग गंगीपुढे उकिडव्या बसल्या, डोक्यावर हात ठेवला, मान तिरपी केली.

"कसे होते गं तुझे बाबा?"

गंगी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम फोटोवाल्याकडे वळल्या. उठताना त्यांनी ठरवूनही टाकलं, शेवटी गंगी बापाचा फोटो घेऊन माइकपुढे उभी राहील आणि आपली व्यथा सांगेल. रडू आलं तर आवरू नकोस, असंही सांगितलं.

अमिनाबीनं दाभण गादीत खुपसलं आणि उठली.

"काहून? राजा व्हाले दुसऱ्याचे लेकरं, अन् रडाले ही?"

"चाची, लोकायच्या मनाले लागते थे," राजदीप हळूच म्हणाला.

"लोकायच्या मनाले लागाव म्हून तिले सोलता काय रे? वर्षभर कोपऱ्यात बसलती हे पोट्टी. आत्ता कुठं हसून राह्यली. उद्या सारा तालुका तिले थेच रडनारी पोट्टी म्हनन. लगन होईपावतो म्हनन!"

भीती हीच होती. एकदा त्या माइकपुढे रडली, की गंगीची नक्कल संपली. मग जन्मभर ती बिचारी. या एका शब्दाचा अमिनाबीला संताप होता. मुजफ्फर गेल्यावर तोच शब्द तिच्या दारात बसला होता आणि तिनं तो शिव्या देऊन हाकलला होता. गंगीजवळ शिव्या नव्हत्या.

मॅडम म्हणाल्या, हे सगळं मुलांच्याच भल्यासाठी आहे. भल्यासाठी! ज्यांनी पोरीच्या उत्तरासाठी क्षणभर दम धरला नाही, ते तिचं भलं जाणणार होते.

"मी करतो, चाची," गंगी मध्येच म्हणाली. "पन मले नायकाची खुर्ची पाह्यजे."

तांड्याच्या नायकाची, म्हणजे मुखियाची, ती लोखंडी खुर्ची. गंगीच्या बापानंतर घरी सांत्वनाला जो पाहुणा आला, गाडीतून उतरला, तो तिच्यावरच बसला. रोज कोण उचलून नेणार म्हणून खुर्ची लालीबाईच्या ओसरीतच राहू लागली होती. मॅडम खूश झाल्या. त्यांच्या मनात आलं, खुर्चीवर फोटो ठेवता येईल. अमिनाबी मात्र गंगीवरच उखडली आणि दारव्ह्याच्या जीपमध्ये तिच्याशी बोलली नाही.

मंचावर खुर्ची, खुर्चीवर फोटो. गंगी आली. फोटो उचलला, पायऱ्या उतरली आणि पुढे बसलेल्या आईच्या मांडीवर नेऊन ठेवला. परत गेली. पदरासारखा ओढलेला दुपट्टा काढून तिनं त्याचा रुमाल केला, खुर्ची नीट पुसली, मग बसली आणि पोट पुढे काढून हं, हं केलं. हे पहिले साहेब. मग पाय पसरून बसलेले पुढारी आले. त्यांनी सांत्वन करता करता कानाला फोन लावला आणि लालीबाईला हातानंच थांबायची खूण केली. मग कुणी चहाची कपबशी घेतली, आत पाहिलं आणि न पिता खाली ठेवली.

मंडपात मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग खेड्याखेड्यांतून आलेली सगळी माणसं हसायला लागली. ज्यांच्या दारी असे पाहुणे येऊन गेले होते, ती सर्वांत जोरात हसली. लालीबाई फोटो छातीशी धरून, पदर तोंडात कोंबून हसत होती. पुढच्या रांगेत बसलेले, खुर्ची पुसणारे साहेबही हसले, कारण स्वतःला कोण ओळखतो?

शेवटी गंगी खुर्चीवरून उतरली, उकिडवी बसली आणि हवेतल्या एका डोक्यावर हात ठेवला. मान तिरपी.

"कसे होते गं तुझे बाबा?"

आणि लगेच कॅमेऱ्याकडे वळून गोड हसली.

मॅडम सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संस्थेचं पत्र आलं, की केंद्रात अपेक्षित संवेदनशीलता दिसली नाही. राजदीपनं मान खाली घालून पाटी काढली, रंगांची पेटी आणि ढोलकी नेली. अमिनाबीनं त्याला दारापर्यंत शिव्या घातल्या. पुण्यापर्यंत आवाज पोचत नव्हता, म्हणून जो समोर होता त्याला ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी पोरं शेडमध्ये आली, तेव्हा तिनं जुना पत्र्याचा डबा त्यांच्यापुढे आपटला.

"हे तुमची ढोलकी. वाजवा!"

संध्याकाळी पोरं गेली, गंगी रेंगाळली. अमिनाबी खोळीला टाके घालत होती.

"मंचावर रडू नाई आलं तुले?"

"आलतं. पन त्याईले कायले दाखवू?"

अमिनाबीचा हात थांबला. तिला एकदम स्वतःचाच राग आला. इतक्या लोकांनी विचारलं आणि उत्तराला कुणी थांबलं नाही, हे खरंच. पण तिनं तर विचारलंही नव्हतं. पोरीला दुखेल म्हणून की आपल्याला ऐकवणार नाही म्हणून, कोण जाणे.

"कसा होता वं तुहा बाप?" तिनं विचारलं आणि दाभण बाजूला ठेवून बसून राहिली.

गंगी उठली. दुपट्टा डोक्याला गुंडाळला, रुईची मिशी लावली. डावा पाय जरा ओढत शेडच्या दारापर्यंत चालत गेली, खांद्यावरचं नसलेलं ओझं खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि बायकोला हाक मारली. आवाज जाड, थकलेला आणि तरीही हसरा.

"ए गंगीरी याडी! गंगीच्या माय!"

लालीबाई लेकीला न्यायला बाजारातून येत होती. ती रस्त्यावरूनच "ओ" म्हणाली.