जिलबीची ग्रामसभा

मार्गासनीच्या पुढं, डोंगराला लागून एक कातकरी वाडी आहे. तिथली ठकुबाई म्हणजे अख्ख्या वेल्ह्यातली सगळ्यात जास्त शिकवलेली नागरिक! अकरा शिबिरं झाली होती तिची. कुठल्याही संस्थेला 'वंचित घटक' लागला की भोरहून जीप थेट तिच्या दारात. बाई हसतमुख, फोटोत छान यायची. परतताना दर वेळी हातात 'जागरूक नागरिक' असं प्रमाणपत्र. कुडाच्या भिंतीतून जिथं जिथं वारं शिरायचं, तिथं तिथं तिनं ती खोचून टाकली होती.

पण नात शेफाली आठवी पास झाली, भोरच्या वसतिगृहानं रहिवासी दाखला मागितला, आणि या जागरूक नागरिकाचं घोडं अडलं. ग्रामसेवक रघुवीर भाऊसाहेबांनी नोंदवही चाळली. "वाडीची घरंच नोंदीत न्हाईत, ठकुबाई. आधी ग्रामसभेचा ठराव लागंल."

ठरावासाठी ती तीन ग्रामसभांना गेली. दाराशी, चपलांशेजारी बसली. एकदा माणसंच पुरेशी जमली नाहीत. एकदा सरपंच चिमाजीराव कुणाच्या लग्नाला गेले होते. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं, तर म्हणाले, "आयत्या वेळच्या विषयात घेऊ." ती मेली आयती वेळ काही उजाडली नाही.

मग आलं बारावं शिबिर. भोरच्या नीरजाताई, मोठ्या तळमळीची बाई. "ह्या वेळी आपण ग्रामसभा खेळून दाखवायची! ठकुबाई सरपंच!" शिबिराची तारीख नेमकी खऱ्या ग्रामसभेचीच निघाली. भाऊसाहेब खूश, एकाच मांडवात दोन्ही उरकतील, हजेरीही भरेल. एरवी ग्रामसभेला पंधरा डोकी येत नाहीत, पण मसालेभात आणि जिलबी म्हटल्यावर गाव लोटलं. व्हिडिओत खरं दिसावं म्हणून भाऊसाहेबांनी ठरावाचं पुस्तक आणि शिक्का ऑफिसातूनच आणला. चिमाजीरावांनी ठकुबाईला आपल्या हातानं खुर्चीत बसवलं. फोटोसाठी दोनदा बसवलं!

"मांडा ठराव," नीरजाताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, झाडं लावा म्हणेल, प्लास्टिक टाळा म्हणेल.

ठकुबाई उठली. "वाडीवरची सतरा घरं गावच्या नोंदीत घ्यायची. कुणाची ना हाय का?"

ना कोण म्हणणार? वाढपी भाताचं घमेलं घेऊन उभे होते. भराभर हात वर झाले, सह्या झाल्या, चिमाजीरावांनी तर झोकात केली. भाऊसाहेबांनी सवयीनं ठरावाला क्रमांक टाकून शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी ठकुबाई दाखल्याला हजर. भाऊसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं बाई, ती खेळातली सभा व्हती!"

"व्हय? मग खरी कवा झाली?"

जेवणं झाल्यावर गाव पांगलं होतं, खरी सभा भाऊसाहेबांनी घेतलीच नव्हती. तालुक्याला त्यांनी हीच सभा व्हिडिओसकट कळवली होती, उपस्थिती एकशे बेचाळीस. वरून शाबासकीही येऊन गेली होती. आता सभा खोटी म्हणावी, तर नोकरीवर गदा.

"भाऊसाहेब," ठकुबाई म्हणाली, "अकरा येळा म्या खेळातली नागरिक झाले, तवा कुणाला काय लागलं न्हाई. एकडाव खरी झाले, तर एवढं का वं झोंबलं?"

भाऊसाहेबांनी दाखला लिहून दिला.

चार दिवसांनी बारावं प्रमाणपत्र आलं, ते चुलीमागच्या भोकाला लागलं. दाखला मात्र शेफालीच्या दप्तरात गेला.