अपग्रेड अर्धवट, फोन एंगेज

मंडळी, हे आबिड्सच्या नेट कॅफेतून लिहितोय. घरच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स बंद पडलंय आणि घरात माझं तोंडही.

सकाळी तुमच्यापैकीच एकाचं ऐकून सगळी सिस्टीम अपग्रेड करायला घेतली. अर्ध्यात लक्षात आलं, इंटरनेट जोडणारा प्रोग्राम ज्या फाइल्सवर चालतो त्याच बदलून गेल्यात. सुरू आहे तोवर चालेल, पण एकदा लाइन तुटली की तो पुन्हा उठणार नाही. आमचं इंटरनेट फोनच्याच लाइनवर, म्हणजे बाकीचं उतरेपर्यंत फोन सोडायची सोयच नाही.

आणि माझी अक्का नांदेडला, बाळंतपणासाठी दवाखान्यात.

"लाइन सोड की रे, जावईबापूंचा फोन येईल," बाबा म्हणाले.

"थोडंच राहिलंय, बाबा. आता सोडली तर मशीन जाईल."

"जाऊ दे की मग!"

मी स्क्रीनसमोरून हललो नाही. स्क्रीनवरचा आकडाही हलेना. शेवटी बाबांनीच मोडेमची वायर उपटून फोनला लावली. लगेच घंटी वाजली.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पण बाळंतपणाच्या खोलीत नेण्याआधी अक्काला बाबांशी बोलायचं होतं. भाऊजी फोन लावून लावून परेशान, लाइन एंगेज.

फोन ठेवून बाबांनी मला पेढे आणायला पैसे दिले. रागावले असते तर परवडलं असतं.

आता हे मशीन सुरू कसं करायचं, ठाऊक असेल त्यानं सांगा. फक्त डाउनलोड करायला सांगू नका. बाबा फोनजवळ खुर्ची टाकून बसलेत.