शिवा एकदा हो म्हणाला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

माझा मुलगा शिवा बत्तीस वर्षांचा आहे. पुण्यातली नोकरी सोडून तो धारूरला परत आला, तेव्हापासून त्याला सगळ्यांचा संशय. आमच्या किराणा दुकानात येणारं गिऱ्हाईक त्याचीच बातमी काढायला येतं, समोरच्या गच्चीवरून कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवतं — असं तो म्हणायचा. डॉक्टरचं नाव काढलं की उसळायचा, "मी येडा हाय का?" घरात विश्वास एकट्या माझ्यावर. जेवायचा तेही माझ्याच हातचं.

मग माझ्या भावानं बीडला कुणा डॉक्टरला शिवाचे हाल सांगून थेंबांची बाटली आणली. म्हणाला, "वरणात टाक, चव लागत न्हाई." मी टाकले. रोज. बाटली पिठाच्या डब्यात लपवायची आणि वाढताना त्याच्याकडे बघायचं नाही — किती सहज जमलं मला ते! तो शांत झोपायला लागला.

महिनाभरात त्याची जीभ जड झाली, हात थरथरायला लागले. एक दिवस त्यानं वरणाची वाटी नाकाशी नेली आणि विचारलं, "आई, यात काय टाकतीस?"

मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि शपथ घेतली — काही नाही. एवढ्यावर तरी थांबायचं? नाही. रडत रडत नवऱ्याला सांगितलं, आता माझ्यावरही संशय घेतो. त्यांना थेंबांचं काहीच माहीत नव्हतं. ते दुकानातून उठून आले आणि पोराला नको नको ते बोलले. शिवा मान खाली घालून ऐकत होता. मी दारात उभी होते.

त्यानंतर आठ दिवस त्यानं घरातलं शिजवलेलं काही खाल्लं नाही. बाजारातून सीताफळं आणायचा, शेंगा आणायचा. न फोडलेल्या फळात कुणी काय टाकणार? त्याचं खरंच होतं. घरात खरं बोलणारा तो एकटा, आणि येडाही तोच ठरला.

नवव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. तो येऊन जवळ खाली बसला. म्हणाला, "आई, तू असं कावून करशील? माझंच डोकं बिघडलंय. आईवर संशय घ्यायलो म्हंजी..." मग म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊ. आजच."

हेच ऐकायला मी वर्षभर तडफडत होते ना? आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? डॉक्टर विचारणार — आधी कुठलं औषध चालू होतं? त्याच्यासमोर विचारणार. मग माझ्या शपथेचं काय? नवऱ्याला काय तोंड दाखवू?

मी म्हणाले, "आज नगं, बाजार हाय. दुकानात गर्दी हाय. आन् आता बरा तर हाईस की."

तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हाच त्याला कळलं का? अजून मला उमगलेलं नाही. मग "बरं" म्हणाला, पुढ्यातली भाकरी खाल्ली — माझ्या हातची — आणि वर गेला.

बाटली मी त्याच दिवशी मोरीत ओतली. महिन्या-दोन महिन्यांत सगळं पुन्हा उसळलं, आधीपेक्षा जास्त. दवाखान्याचा शब्द त्यानं परत काढला नाही, आम्हालाही काढू दिला नाही. याला आता चार वर्षं झाली. वरच्या खोलीच्या खिडक्यांना त्यानं आतून पुठ्ठे लावलेत. पाहुणे येतात, छताकडे बघून हळू आवाजात चौकशी करतात. नवरा सांगतो, "काय करावं, पोरगं दवाखान्याला तयारच होत न्हाई."

मी मान डोलावते.